सातव्या नंबरचं पाकीट

१२ मे २०२५, सोमवार. शिकागोत एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची, ड्राफ्ट लॉटरी होती आणि इकडे फिलाडेल्फियाच्या बाहेर एक्सटनमध्ये आमच्या घरी टीव्ही सहा वाजल्यापासूनच लावून ठेवलेला. मी, माझा चौदा वर्षांचा मुलगा आणि सांगलीकडून तीन महिन्यांसाठी आलेले माझे वडील, ज्यांना घरात सगळेच आबा म्हणतात. बायकोने आधीच सांगून टाकलेलं की आठ वाजेपर्यंत तुमच्यातलं कुणी धड जेवणार नाहीये, मी खिचडीच टाकते.

त्या दिवशी बाकीच्या बहुतेक टीम्सच्या फॅन्सना एकच प्रश्न, ड्यूक कॉलेजचा स्टार प्लेयर कूपर फ्लॅग आपल्याला लागणार का. आम्हा सिक्सर्सवाल्यांचा, म्हणजे फिलाडेल्फियाच्या टीमच्या फॅन्सचा, प्रश्न त्याच्याही आधीचा होता, आपलं पिक, म्हणजे नवीन प्लेयर निवडायचा आपला नंबर, आपल्याकडे राहणार तरी का. पहिल्या सहात आलो तर आपलं, सातव्या नंबरला किंवा त्याच्या खाली घसरलो तर थेट ओक्लाहोमा सिटी थंडरला, जे त्या सीझनमध्ये ८२ पैकी ६८ मॅचेस जिंकून बसलेले. अख्खं वर्ष आपण हरायचं आणि त्याचं फळ लीगमधल्या सगळ्यात तगड्या टीमने खायचं, हे डोक्यात आलं की पोटात गोळाच यायचा.

लॉटरीच्या आधीची फॅन्सची धाकधूक बाहेरून बघणाऱ्याला हाव वाटते, मोठा प्लेयर फुकटात मिळावा म्हणून चाललेली. मी या शहरात बारा वर्षं राहिलोय आणि त्या संध्याकाळी मी जे बघितलं, माझ्या स्वतःच्या छातीत सुद्धा, ते उधारीचं टेन्शन होतं. म्हणून हे प्रकरण नीट लिहून काढतोय.

आधी थोडं ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी, म्हणजे जे मी आबांना सांगितलं तेच. एनबीएत कॉलेजमधून किंवा बाहेरच्या देशांतून येणारी नवीन पोरं स्वतः टीम निवडत नाहीत, टीम्स त्यांना ड्राफ्टमध्ये निवडतात आणि ज्या टीम्स प्लेऑफ्सला, म्हणजे बाद फेरीला, पोचल्या नाहीत त्यांचा नंबर आधी. आबा म्हणाले, "म्हणजे हरलेल्याला बक्षीस?" मी म्हटलं साधारण तसंच, पण सगळ्यात जास्त हरला म्हणून पहिला नंबर नक्की असं नाही, त्यासाठी लॉटरी आहे, १९८५ पासून, नाहीतर सगळे मुद्दाम हरत बसतील. आबा आयुष्यभर एसटी स्टँडजवळच्या स्टॉलवरून महाराष्ट्र राज्य लॉटरीचं तिकीट घेत आलेत, त्यांनी लगेच विचारलं की तिकीट कितीला. तेव्हा माझा पोरगा जे बोलला ते मला अजून आठवतं. "आबा, तिकीट विकत मिळत नाही, हरलेली प्रत्येक मॅच म्हणजे तिकीट."

आणि खरंच तसं आहे. एका मशीनमध्ये १ ते १४ नंबरचे पिंगपाँगचे बॉल टाकतात, त्यातून चार काढतात. चार नंबरांच्या १००१ जोड्या होतात, त्यातली एक बाजूला काढून उरलेल्या १००० टीम्समध्ये वाटलेल्या असतात. सगळ्यात वाईट तीन टीम्सना प्रत्येकी १४०, चौथीला १२५, पाचवीला १०५, असं उतरत जातं. आमचे सिक्सर्स २४ जिंकून ५८ हरलेले, खालून पाचवे, म्हणून आमच्याकडे १०५. ज्याची जोडी लागली त्याला पहिला नंबर, मग परत बॉल टाकून दुसरा, तिसरा, चौथा. बस्स, फक्त पहिले चार नंबर लॉटरीने ठरतात. पाचव्यापासून पुढे उरलेल्या टीम्स आपापल्या खराब रेकॉर्डप्रमाणे रांगेत उभ्या.

गोम इथेच आहे. तुम्ही खालून पाचवे आहात आणि तुमचा बॉल नाही लागला तर तुम्ही पाचव्यालाच राहाल असं नाही, कारण तुमच्या मागच्या एखाद्या टीमचा बॉल लागला की ती तुमच्या डोक्यावरून उडी मारून पुढे जाते आणि तुम्ही एक पायरी खाली. एकाने उडी मारली तर सहावे, म्हणजे वाचलो. दोघांनी मारली तर सातवे, म्हणजे गेलो. सगळा हिशोब केला तर पहिल्या चारात यायचा चान्स ४२.१ टक्के, पाचव्या नंबरचा २.२, सहाव्याचा १९.६, मिळून पिक वाचायचा चान्स ६३.९ टक्के. आणि एकट्या सातव्या नंबरचा चान्स २६.७. म्हणजे चौदा जागांपैकी जी एकच जागा आम्हाला सगळ्यात जास्त वेळा मिळू शकत होती ती नेमकी आम्हाला नको असलेली.

६४ टक्के ऐकायला बरं वाटतं. बातम्यांमध्ये सगळे हेच सांगायचे की शक्यता सिक्सर्सच्या बाजूने आहे. पण माझा पोरगा रात्री झोपताना म्हणायचा, बाबा, ३६ टक्के म्हणजे तीनातला एक. आणि तीनातला एक हा आकडा कसा असतो हे ज्याने कधी रिपोर्टची वाट बघितलीय त्याला सांगावं लागत नाही.

आता ही उधारी आली कुठून. जुलै २०१९ मध्ये सिक्सर्सनी अल हॉरफर्डला चार वर्षांसाठी १०९ मिलियन डॉलरपर्यंतचं कॉन्ट्रॅक्ट देऊन आणलं. प्लेयर गुणी, प्रश्नच नाही, पण तो पण सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच गडी, आणि आपला जोएल एम्बीड पण सेंटर, दोघं एकत्र कोर्टवर असले की जागाच उरायची नाही. एका सीझनमध्ये सगळ्यांना कळून चुकलं. मग २०२० च्या शेवटी डॅरिल मोरी कारभार सांभाळायला आले आणि आल्या आल्या त्यांनी हॉरफर्डला ओक्लाहोमाला धाडून डॅनी ग्रीनला आणलं, आणि ते जड कॉन्ट्रॅक्ट उचलून घेतल्याबद्दल ओक्लाहोमाला वर एक पहिल्या राउंडचं पिक लिहून दिलं, २०२५ चं, पहिल्या सहापर्यंत संरक्षित. तेव्हा कुणी विशेष लक्ष दिलं नाही. २०२५ किती लांब! आणि तोपर्यंत आपण दरवर्षी प्लेऑफ्समध्ये असणार, पंचविसाव्या नंबरचं फुटकळ पिक जाईल, जाऊ दे. मी पण त्या दिवशी बरं झालं सुटलो असंच म्हटलेलं, खोटं कशाला सांगू. पुढे हॉरफर्ड बॉस्टनला गेला आणि २०२४ ला त्यांच्याबरोबर चॅम्पियन झाला. बॉस्टनबरोबर, ज्यांचं नाव घेतलं तरी इथे लोकांच्या कपाळावर आठ्या येतात.

हे मी आबांना सांगत होतो तर ते मध्येच म्हणाले, "थांब, म्हणजे पीक गहाण टाकलंय." आबा आमच्या गावच्या विकास सोसायटीत सेक्रेटरी होते, उसाची पीककर्जं वाटण्यात आणि वसूल करण्यात तीस वर्षं गेली, त्यामुळे पिक म्हटलं की त्यांना पीकच ऐकू येतं. आधी मी दुरुस्त करायला गेलो आणि मग लक्षात आलं की त्यांना माझ्यापेक्षा चांगलं समजलंय. उभं पीक आधीच लिहून दिलेलं. चांगला पाऊस झाला, भरघोस आलं, तर त्यातलं थोडं गेलं तरी कळत नाही, आणि दुष्काळाच्या वर्षी सावकार दारात उभा राहिला तर मात्र घरात काहीच उरत नाही. फरक एवढाच की इथे दुष्काळ अगदीच मोठा पडला तर सावकार एक वर्ष थांबायला तयार होता. म्हणून आम्ही अख्खा मार्च आणि एप्रिल आणखी मोठ्या दुष्काळासाठी देव पाण्यात ठेवून बसलेलो.

सीझन सुरू होताना हे कुणाच्या स्वप्नात पण नव्हतं. जुलै २०२४ मध्ये पॉल जॉर्ज आला, चार वर्षं, २१२ मिलियन डॉलर. एम्बीडचं कॉन्ट्रॅक्ट सप्टेंबरमध्ये वाढवलं. टायरीज मॅक्सी आधीच स्टार झालेला. एम्बीड, जॉर्ज, मॅक्सी, लोक फायनल्सच्या गप्पा मारत होते. आणि सुरुवात झाली ३ विजय १४ पराभवांनी. एम्बीडचा गुडघा, जॉर्जचं काही ना काही, मॅक्सी पण जखमी. शेवटी हिशोब बघा, ८२ पैकी एम्बीड १९ मॅचेस खेळला, जॉर्ज ४१, मॅक्सी ५२. एकच आनंदाची गोष्ट होती ती म्हणजे नवीन पोरगा जॅरेड मॅककेन, काय शूट करायचा, तर डिसेंबरमध्ये त्याच्याही गुडघ्याचा मेनिस्कस फाटला, २३ मॅचेसमध्ये सीझन संपला. फेब्रुवारीच्या शेवटी एम्बीडला या सीझनपुरतं बंद केलं तेव्हा आमच्या घरात कुणी काही बोललंच नाही, पोरगा फक्त वर जाऊन भिंतीवरचं वेळापत्रक काढून आला.

त्यानंतरचे सहा आठवडे मला सगळ्यात अवघड गेले आणि या प्रकरणातला सगळ्यात खरा भाग पण तोच आहे. आता जिंकण्यात तोटा होता. १ मार्चला गोल्डन स्टेट आलेले, स्टेफ करीचा गोल्डन स्टेट, आणि आमचा क्वेंटिन ग्राइम्स, जो महिन्याभरापूर्वीच डॅलसकडून आलेला, त्याने ४४ पॉइंट्स ठोकले आणि आम्ही जिंकलो. पोरगा सोफ्यावर उभा राहून ओरडला, दोन्ही हात वर. आणि मग तसाच उभ्या उभ्या त्याने फोन उचलला आणि ब्रुकलिन आणि टोरांटोचं काय झालं ते बघायला लागला, चेहरा उतरत गेला हळूहळू. चौदा वर्षांच्या पोराला आपली टीम जिंकल्यावर वाईट वाटतं हे बघून मला जे वाटलं ते मला नीट सांगता येणार नाही. दोन आठवड्यांनी ह्यूस्टनविरुद्ध ग्राइम्सने ४६ केले आणि ओव्हरटाइममध्ये हरलो, त्या रात्री तो शांत झोपला, कारण आवडता प्लेयर पण खेळला आणि तिकीट पण मिळालं.

बरं हिशोब तर खराच होता. आम्ही खालून पाचवे राहिलो तर वाचायचा चान्स ६४ टक्के, दोन-तीन मॅचेस इकडे तिकडे होऊन ब्रुकलिन आमच्या खाली गेलं असतं आणि आम्ही सहावे झालो असतो तर तोच चान्स ४५.८. एका जागेचा फरक अठरा टक्के! आणि उलट्या बाजूला न्यू ऑर्लीन्सच्या खाली घसरून चौथे झालो असतो तर सुमारे ८१. त्यामुळे रोज संध्याकाळी आपली मॅच राहिली बाजूला, ब्रुकलिन जिंकावं म्हणून बसायचं. ब्रुकलिन! आयुष्यात कधी ब्रुकलिनसाठी टाळी वाजवली नव्हती. आणि कोर्टवर तेव्हा जी पोरं खेळत होती त्यांचा काय दोष, जस्टिन एडवर्ड्स तर फिलाडेल्फियाचाच, ड्राफ्टमध्ये कुणी घेतला नाही म्हणून पडेल ते करून टीममध्ये शिरलेला, तो आपल्या गावासमोर जीव तोडून पळणार आणि आपण घरी बसून मनात म्हणणार अरे नको टाकूस. मला हे चुकीचं वाटतं. प्लेयर्स आणि कोच निक नर्स यांना दोष देत नाहीये, पिकवर अशी अट घालून व्यवहार करायची जी पद्धत आहे तिला देतोय, कारण तिची किंमत टीमबरोबर फॅनला पण भरावी लागते, सहा आठवडे, रोज.

या शहराला हे नवीन नाही ही अजून एक गोष्ट. इथे भीती आकड्यातून येत नाही, आठवणीतून येते. टीमचा कारभार बघणाऱ्या सॅम हिंकीच्या काळात, ज्याला सगळे प्रोसेस म्हणतात, टीमने ठरवून वर्षानुवर्षं पडतं घेतलं. १९ विजय, मग १८, मग २०१५-१६ मध्ये फक्त १०. त्या काळात आपण सावकाराच्या जागी होतो. लेकर्सचं पिक आपल्याला यायचं होतं, तिथेही असंच संरक्षण, आणि २०१५, २०१६, २०१७ अशी सलग तीन वर्षं लेकर्सचा दुसरा नंबर लागला आणि पिक त्यांच्याकडेच राहिलं. दरवर्षी मे महिन्यात इथली माणसं लेकर्सचा नंबर खाली यावा म्हणून श्वास रोखून बसायची. शेवटी २०१८ मध्ये ते आलं, दहाव्या नंबरला, त्यावर आपण मिकल ब्रिजेसला घेतलं, इथल्याच व्हिलानोव्हा कॉलेजचा, त्याची आई सिक्सर्सच्याच मालक कंपनीत नोकरीला, आणि त्याच रात्री त्याला फिनिक्सला देऊन टाकलं.

आमच्या शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ राहतात, १९८३ ची चॅम्पियनशिपची मिरवणूक ब्रॉड स्ट्रीटवर उभं राहून बघितलेले, आणि त्यानंतर सिक्सर्सकडे चॅम्पियनशिप आलेली नाही. लॉटरीच्या आदल्या दिवशी ते कुंपणापाशी रोपं लावत होते तेव्हा मी विचारलं काय वाटतं, तर म्हणाले मला लॉटरीची भीती नाही वाटत, लॉटरी लागल्यानंतरची वाटते. आणि मग हातातला खुरपा तसाच धरून त्यांनी १९८६ सांगितलं, पहिला नंबर हातात होता आणि तो क्लीव्हलँडला देऊन रॉय हिन्सन घेतला, क्लीव्हलँडने त्या नंबरवर ब्रॅड डॉहर्टी निवडला, जो पुढे स्टार झाला. वर त्याच दिवशी मोझेस मलोनसारखा स्टार पण घालवला. २०१७ तर मला पण पाठ आहे, बॉस्टनशी अदलाबदल करून पहिल्या नंबरला मार्केल फुल्ट्झ घेतला, जो इथे चाललाच नाही, आणि बॉस्टनला तिसऱ्या नंबरला जेसन टेटम मिळाला, जो स्टार झाला. त्या गृहस्थांचं म्हणणं मला पटलं नाही पूर्ण, पण एवढं कळलं की चाळीस वर्षं वाट बघणारा माणूस आशा करायचं सोडत नाही, फक्त आशेच्या बाजूला भीतीसाठी एक खुर्ची कायमची मांडून ठेवतो.

अजून एक गोष्ट सांगतो जी मला तेव्हा नव्याने कळली. आधी सगळ्यात वाईट टीमला पहिल्या नंबरचा २५ टक्के चान्स असायचा. सिक्सर्स इतके उघड हरत सुटले की लीगने सप्टेंबर २०१७ मध्ये नियमच बदलला, २०१९ पासून खालच्या तिघांना सारखेच १४ टक्के आणि मधल्या टीम्सचे चान्स वाढवले, म्हणजे मुद्दाम हरण्यात फार फायदा राहू नये. मतदान झालं २८ विरुद्ध १, आणि एकजण तटस्थ. विरोधात मत टाकणारी ओक्लाहोमा सिटी आणि तटस्थ राहिलेली डॅलस. ही दोन नावं लक्षात ठेवा.

लॉटरीच्या आधीचे चार आठवडे पोराने टँकेथॉन नावाच्या साइटवर काढले, तिथे एक बटण दाबलं की खोटी लॉटरी निघते. नाश्त्याला एकदा, शाळेच्या बसमध्ये कितीदा देव जाणे, झोपताना एकदा. चांगलं आलं की स्क्रीनशॉट काढून मला पाठवायचा, मी ऑफिसात मीटिंगमध्ये असायचो आणि फोनवर यायचं, बाबा, फ्लॅग! पाच मिनिटांनी, बाबा, सातवे. त्याला माहीत होतं की या बटणाचा खऱ्या बॉलशी काही संबंध नाही. मला पण माहीत होतं. तरी मी पण दाबायचो, रात्री, सगळे झोपल्यावर.

तर ती संध्याकाळ. खरी सोडत आधीच एका बंद खोलीत झालेली असते, तिथल्या लोकांचे फोन काढून घेतलेले, ऑडिटर बसलेले, आणि टीव्हीवर आपल्याला दिसतात ती फक्त पाकिटं. लीगचे डेप्युटी कमिशनर मार्क टेटम चौदाव्या नंबरपासून एकेक पाकीट उघडत वर येतात. पोराने गणिताच्या वहीचं चौकटीचं पान फाडून त्यावर पेन्सिलने चौदा ओळी आखलेल्या. प्रत्येक ओळीत कुणीच उडी मारली नाही तर कुठली टीम यायला हवी ते डावीकडे, आणि उजवीकडची जागा मोकळी. सातव्या ओळीखाली त्याने पेन्सिल दोनदा फिरवून जाड रेघ मारलेली. आबांनी चष्मा लावून तो कागद पूर्ण वाचला आणि म्हणाले, वसुलीचा तक्ता आहे.

चौदावं, तेरावं, बारावं, सगळं डाव्या बाजूप्रमाणे. अकराव्याला डॅलस यायला हवं होतं. पाकिटातून निघालं पोर्टलंड.

"डॅलस वर गेलं," पोरगा म्हणाला, आवाज एकदम बारीक. डॅलसचा पहिल्या नंबरचा चान्स १.८ टक्के, म्हणजे हजारात अठरा जोड्या, त्यांच्याकडे आमच्या डोळ्यांदेखत एक उडी खर्च झाली. अजून एक झाली तर संपलं. दहाव्याला फिनिक्सचं पिक, जे ह्यूस्टनकडे होतं, ठीक. नवव्याला आता सॅन अँटोनियो यायला पाहिजे होतं. टेटमनी पाकीट उघडलं, आतलं कार्ड फिरवलं, टोरांटो.

दोन.

पोराने पेन्सिल घेऊन आमच्या नावापासून खाली बाण काढला, पाचव्यापासून सहाव्याला, सहाव्यापासून सातव्याला, आणि जाड रेघेच्या अगदी वर थांबला. आबांनी विचारलं, "म्हणजे गेलं?" तो म्हणाला, "नाही आबा, आपला स्वतःचा बॉल लागला असेल तर नाही." आता मधला रस्ता बंद झालेला. पाचवे किंवा सहावे राहून गुपचूप वाचायची सोय गेली. एकतर पहिल्या चारात, नाहीतर ओक्लाहोमा. मी नंतर बसून हिशोब केला तर त्या क्षणी वाचायचा चान्स साधारण तीनात एक उरला होता. महिनाभर आम्ही ज्या तीनातल्या एकाला घाबरत होतो, तोच आता आमच्या बाजूला येऊन उभा राहिला होता आणि आम्ही त्याला धरून बसलो होतो.

आठव्याला ब्रुकलिन. ते अपेक्षितच होतं, पण पाकीट उघडेपर्यंत बायको स्वयंपाकघरातून हातात पळी घेऊन आलेली, तिला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही पण आमचे चेहरे कळतात.

मग सातवं. मला आठवतंय की मी टीव्हीकडे बघत नव्हतो, मी पोराच्या बोटांकडे बघत होतो, पेन्सिल धरून पांढरी पडलेली. टेटम काहीतरी बोलले. पोराचं बोट सुटलं आणि पेन्सिल फरशीवर पडली, आणि तो ओरडला, "न्यू ऑर्लीन्स! बाबा, न्यू ऑर्लीन्स!" सातव्याला न्यू ऑर्लीन्स म्हणजे आमचा बॉल लागला, आम्ही पहिल्या चारात, पिक आपलं. त्याने आबांना मिठी मारली, आबांना नक्की काय झालं ते अर्धंच कळलेलं पण त्यांचे पण डोळे भरून आले. मी उठून उगाच पाणी प्यायला गेलो. शेजारच्या घरातून आरोळी ऐकू आली, सत्तरीच्या माणसाची, आणि ती ऐकून मला जे बरं वाटलं ते पहिला नंबर लागला असता तरी वाटलं नसतं.

कारण पुढचं सगळं खरं तर वरचं होतं. सहाव्याला वॉशिंग्टन, पाचव्याला युटा. त्यांच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटलं, वॉशिंग्टनवाले १८ जिंकलेले, युटावाले १७, अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात कमी, आणि जितकं खाली जाणं शक्य होतं तितके खाली गेले. तिथे पण कुणाच्या तरी घरी एखादं पोर कागद घेऊन बसलेलं असणारच. चौथा शार्लट, तिसरे आम्ही, दुसरे सॅन अँटोनियो आणि पहिलं डॅलस. तेच डॅलस ज्यांनी फेब्रुवारीत लुका डॉन्चिचला लेकर्सकडे पाठवून आपल्या फॅन्सचं काळीज तोडलेलं. लगेच लोक म्हणायला लागले की सेटिंग आहे. मला नाही वाटत. हजारात अठरा म्हणजे शून्य नव्हे, आणि नियम बदलताना मधल्या टीम्सना वर यायची संधी मिळावी हाच तर उद्देश होता. ज्या बदलावर डॅलस तटस्थ राहिलं त्यानेच त्यांना फ्लॅग दिला, आणि ज्याच्या विरोधात ओक्लाहोमाने मत टाकलं, त्याच बदलानंतरच्या सोडतीत त्या संध्याकाळी त्यांच्या हातातोंडाशी आलेला घास गेला. महिन्याभराने ओक्लाहोमा चॅम्पियन झाले, त्यामुळे त्यांना फार दुःख झालं असेल असं नाही.

तिसऱ्या नंबरवर सिक्सर्सनी व्ही. जे. एजकोंब घेतला, बहामाजमधल्या बिमिनी बेटावरचा, बेलर कॉलेजला एक वर्ष खेळलेला. तोपर्यंत आबा सांगलीला परत गेले होते, पोराने त्यांना व्हिडिओ कॉलवर बेट कुठे आहे ते नकाशात दाखवलं.

मग २२ ऑक्टोबर, आमच्याकडे पाडव्याची संध्याकाळ, पणत्या लावलेल्या, आणि सीझनची पहिली मॅच, तीही बॉस्टनमध्ये. एजकोंबने पहिल्याच मॅचमध्ये ३४ पॉइंट्स केले आणि आम्ही ११७-११६ ने जिंकलो. एनबीएच्या इतिहासात पदार्पणात त्याच्यापेक्षा जास्त फक्त दोघांचे, विल्ट चेंबरलेनचे ४३ आणि फ्रँक सेल्व्हीचे ३५. मॅच संपली तेव्हा भारतात भाऊबीजेची सकाळ उजाडत होती, पोराने आबांना फोन लावला, ते अंघोळ करून बसलेलेच होते. त्याने दहा मिनिटं सगळं सांगितलं, एकेक शॉट, आणि आता जिंकलं तरी कुणाच्या स्कोअरकडे बघायला लागत नाही हे पण सांगितलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा वा वा म्हणाले आणि मग विचारलं, "आणि ते ओक्लाहोमावाल्यांचं कर्ज? ते फिटलं का नुसतं पुढं ढकललं?"

पोरगा जरा थांबला. मग वहीचं नवीन पान काढून फोनवर सांगायला लागला, की नाही आबा, ते २०२६ ला आहे, आणि तेव्हा पहिल्या सहाच्या ऐवजी पहिल्या चारपर्यंतच.